जड वजन उचलताना घोळणा फुटत असेल तर

विचारणा अशी आहे. दारव्हा तालुक्यातील एका गावात राहणारा चोवीस वर्षांचा तरुण गावातल्याच पत्र्याच्या शेडमधील जिममध्ये नियमित व्यायाम करतो. डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा बार उभे राहत उचलणे) १३० किलोच्या वर गेली की त्याच्या उजव्या नाकपुडीतून रक्त येते, आणि एप्रिल लागल्यापासून असे तीनदा झाले आहे. सोबतचे पोरे याला खरा जोर लागल्याची खूण समजतात. आईच्या मते अंगात उष्णता झाली असून वजन उचलणेच बंद केले पाहिजे. व्यायाम सोडावा का, आणि रक्त आले तर त्या क्षणी काय करावे, असे दोन प्रश्न त्याने विचारले आहेत.

कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून या भागात काम करताना असे तरुण मी दर उन्हाळ्यात पाहतो, म्हणून आधी निर्णयाचे सांगतो. व्यायाम कायमचा सोडावा असे तुमच्या वर्णनात काही दिसत नाही. मात्र पुढचे दोन आठवडे जड वजन पूर्ण बंद ठेवा, नाक एकदा आतून तपासून घ्या आणि शांत बसलेले असतानाचा रक्तदाब मोजून घ्या. सोबत्यांचे म्हणणे तर मनातून काढूनच टाका. श्वास कोंडून वजन उचलणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यातील दाब वाढतो, पण प्रत्येकाच्या नाकातून रक्त येत नाही. ज्याच्या येते, त्याच्या नाकात बहुतेक वेळा आधीच एखादी जागा सोललेली असते. दाब फक्त ती उघडी करतो. उपचार म्हणूनच जोरावर कमी आणि त्या जागेवर जास्त करावा लागतो.

ती जागा कोठे असते हे समजले तर पुढचे सगळे सोपे होते. दोन नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या भागात, बोटाचे पहिले पेर जेथवर पोहोचते तेथेच, चार रोहिण्यांच्या बारीक शाखा एकमेकींना मिळून एक जाळे तयार होते. अमेरिकी शल्यविशारद जेम्स लिटल यांनी १८७९ मध्ये या जागेचे वर्णन केले, म्हणून तिला लिटलचा भाग म्हणतात. जर्मन डॉक्टर कीसेलबाख यांचेही नाव याच जाळ्याला दिले जाते. येथील आवरण अतिशय पातळ असते, त्याखाली लगेच कूर्चा (लवचीक मऊ हाड) असते आणि आत ओढलेली कोरडी हवा सर्वांत आधी येथेच आदळते. घोळणा फुटण्याच्या सुमारे ९० टक्के प्रसंगांत रक्त याच भागातून येते, आणि बाहेरून बोटाने दाबता येण्याजोगी जागा असल्यामुळे ते घरच्या घरी थांबवताही येते.

आता दाबाचे पाहू. जड वजन उचलताना आपण छातीत हवा भरतो, घसा बंद करतो आणि पोट कडक करून बंद घशावर जोर लावतो. इटालियन शरीररचनातज्ज्ञ व्हालसाल्वा (१६६६–१७२३) यांच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. छातीतला दाब वाढला की डोक्याकडून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. चेहरा लाल होतो, मानेच्या शिरा तटतटतात, आणि नाकातल्या बारीक रक्तवाहिन्याही त्याच वेळी फुगतात. रोहिण्यांतील दाबही चढतो, आणि तो किती चढतो हे प्रत्यक्ष मोजलेले आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९८५ मध्ये पाच अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या रोहिणीत नळी घालून व्यायाम सुरू असताना मोजमाप केले, तेव्हा दोन्ही पायांनी वजन ढकलण्याच्या लेग प्रेस या व्यायामात सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला आणि एकाचा तर ४८०/३५० च्याही वर गेला. हे आकडे वाचून धास्ती घेऊ नका. ही वाढ काही सेकंदांची असते आणि निरोगी तरुणाच्या रक्तवाहिन्या ती सहन करतात. मात्र जेथे खपली धरलेली आहे, तेथे एवढा दाब टिकत नाही.

ती खपली धरते कशामुळे? आपल्याकडे पहिले कारण हवा. एप्रिल-मे महिन्यांत वऱ्हाडात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, मे अखेरच्या नवतपात त्याहूनही वर चढतो, आणि दुपारच्या हवेत ओलावा जवळजवळ उरतच नाही. अशा हवेत पत्र्याच्या शेडखाली, तोंडासमोर पंखा लावून, जोरजोराने नाकातून श्वास घेत तासभर व्यायाम केला तर नाकातील आवरण सुकणार, त्याला बारीक चिरा पडणार आणि त्यावर पापुद्रा धरणार. आईला ‘उष्णता’ या शब्दातून जे सुचवायचे आहे, त्यातला हवामानाचा भाग अगदी खरा आहे. चुकते ते एवढेच, की उष्णता पोटात शोधली जाते आणि थंड पदार्थांवर भागवले जाते. हिवाळ्याच्या कोरड्या थंडीतही हाच प्रकार होतो, सर्दीनंतर वारंवार नाक शिंकरल्याने होतो आणि सोयाबीन किंवा तुरीच्या मळणीच्या दिवसांत थ्रेशरजवळच्या धुळीनेही होतो. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या नाकात तर बारा महिने रुईचे तंतू आणि धूळ असते. त्यांनी कामाच्या वेळी नाकावर रुमाल किंवा मास्क बांधलाच पाहिजे.

दुसरे कारण सांगताना लोक संकोचतात, पण ते फार मोठे आहे: बोट. पापुद्रा टोचतो, बोट आपोआप नाकात जाते, पापुद्रा निघतो आणि जखम पुन्हा ओली होते. जिममध्ये त्यात भर पडते ती हाताला लावलेल्या चॉकची. ती पूड ओलावा शोषण्यासाठीच असते, आणि त्याच हाताने घाम पुसताना नाकाच्या कडेवर ती लागते. जड लिफ्टआधी हुंगायच्या अमोनियाच्या बाटल्या आता ऑनलाइन मागवून खेड्यांतल्या जिमपर्यंत पोहोचल्या आहेत. ज्याच्या नाकातून एकदाही रक्त आले आहे त्याने त्या बाटलीच्या जवळही जाऊ नये. तो वायू नाकाच्या आवरणाची जळजळ करतो, हुंगताच झटका येतो तो त्यामुळेच. तपकीर ओढण्याची सवय असेल तर तीही याच माळेतली.

औषधांबद्दल मी प्रत्येकाला खोदून विचारतो, कारण आपणहून कोणी सांगत नाही. पाठ भरली म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी, डोके दुखते म्हणून घेतलेली ॲस्पिरिन, या सर्वांनी रक्त गोठण्याच्या कामातील बिंबिका (प्लेटलेट) मंदावतात. अंगदुखीला गोळी घ्यावीच लागली तर या काळात पॅरासिटामॉल घ्यावी. व्यायामाआधी पाण्यात मिसळून प्यायच्या पावडरींच्या एका मापात बहुधा १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असते. ते रक्तदाब वाढवते, आणि त्यावर खर्रा चघळत जिममध्ये येणारेही मी पाहिले आहेत, म्हणजे निकोटिनची भर वेगळीच. शरीर लवकर भरावे म्हणून कोणी स्टेरॉइडची इंजेक्शने घेत असेल, तर रक्तदाब वाढणे आणि रक्त दाट होणे हे त्यांचे माहीत असलेले परिणाम आहेत. डॉक्टरांपुढे ते लपवल्यास तपासणीला अर्थ राहत नाही. नाक मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब काही जण महिनोन्महिने घालतात. सर्दीत तीन ते पाच दिवस ते चालतात. त्यापुढे नाक उलट जास्त चोंदते आणि आवरण आणखी कोरडे पडते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. रक्त येताच बार खाली ठेवा आणि बसा. मान किंचित पुढे झुकवा आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत नाकाचा मऊ भाग, म्हणजे हाडाच्या खालचा, नाकपुड्यांचा भाग, दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरा. श्वास तोंडाने घ्या. घड्याळ पाहून १० ते १५ मिनिटे चिमटी सोडू नका. दोन मिनिटांनी सोडून ‘थांबले का’ हे पाहण्याची घाई जवळजवळ प्रत्येक जण करतो, आणि नुकतीच धरू लागलेली गुठळी त्यामुळे निघून जाते. वरचे हाड दाबून काहीच उपयोग होत नाही, तरीही बहुतेक लोक तेच दाबतात. घशात आलेले रक्त गिळू नका, थुंका. गिळलेल्या रक्ताने मळमळते आणि उलटीच्या जोराने पुन्हा रक्त सुटते. नाकावर बाहेरून बर्फाचा फडका ठेवला तर हरकत नाही, पण चिमटी हाच उपचार आहे. पंधरा मिनिटांनी थांबले नसेल तर तितकाच वेळ आणखी एकदा दाबा. घरात ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब असतील आणि रक्तदाबाचा त्रास नसेल, तर त्यात भिजवलेला स्वच्छ कापूस नाकपुडीच्या पुढच्या भागात ठेवून वरून दाबल्यास रक्त लवकर आटोक्यात येते. या थेंबांचा असा एखाद्या वेळचा वापर योग्य आहे.

गावात अशा वेळी जे केले जाते त्याविषयीही बोलले पाहिजे, कारण तुम्ही चिमटी धरून बसलात तरी भोवतालचे चार जण स्वस्थ बसणार नाहीत. आडवे निजवून मान मागे टाकणे हा सर्वांत वाईट उपाय. त्याने रक्त थांबत नाही, ते फक्त घशात उतरते आणि बाहेरून थांबल्यासारखे दिसते. डोक्यावर गार पाणी ओतण्याने अपाय नाही, पण त्या गडबडीत नाक दाबायचे राहून जाते. कांदा हुंगवल्याने शिंक आली तर धरलेली गुठळी सुटते. दूर्वांचा रस नाकात पिळण्याची जुनी रीत आहे, आणि ती सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मान राखूनही मी म्हणेन, की शेतातून उपटलेल्या, फवारणीचा अंश असू शकणाऱ्या गवताचा न उकळलेला रस ओल्या जखमेवर घालू नये. चुलीतील राख, हळद किंवा मिळेल त्या चिंधीचा बोळा तर मुळीच नको.

काही प्रसंगांत घरी थांबू नये. नीट दाबूनही अर्ध्या तासात रक्त न थांबणे, पुढून नाक दाबलेले असताना घशात सतत रक्त उतरत राहणे, घेरी येणे किंवा चेहरा पांढरा पडणे, बार तोंडावर आदळून रक्त येणे, आणि वजन उचलतानाच डोक्यात अचानक असह्य कळ येणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालय गाठावे. शेवटच्या लक्षणात नाक हा दुय्यम मुद्दा असतो. डोक्यातील रक्तवाहिनीचा संशय घेऊन तातडीने तपासावे लागते. पावसाळ्यात ताप असताना घोळणा फुटला, हिरड्यांतून रक्त आले किंवा अंगावर लाल ठिपके उठले तर डेंग्यूचा विचार करून त्याच दिवशी बिंबिकांची संख्या तपासावी. तेव्हा व्यायामाचा प्रश्नच उरत नाही.

तुमचे रक्त दर वेळी उजवीकडूनच येते, या एका गोष्टीमुळे नाक आतून पाहून घ्या असे मी आग्रहाने सांगतो. बहुधा उजवीकडच्या पडद्यावर एखादी उघडी शीर किंवा पापुद्रा सापडेल आणि विषय तेथेच संपेल. पण एकाच बाजूने वारंवार रक्त येणे आणि तीच नाकपुडी चोंदलेली असणे, हे एकत्र असेल तर दोन आजार वगळावे लागतात. पहिला किशोरवयीन मुलग्यांत आणि तरुणांत होणारा, नाकाच्या मागच्या भागातील रक्तवाहिन्यांचा गोळा. तो कर्करोग नसतो, पण त्यातून येणारे रक्त भरमसाट असते, आणि तपासणीसाठी त्याचा तुकडा काढणेही धोक्याचे ठरते. पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या प्रशिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. दुसरा आजार आपल्या पूर्व विदर्भाच्या ओळखीचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या तलावांच्या पट्ट्यात, जेथे जनावरे आणि माणसे एकाच मामा (माजी मालगुजारी) तलावात उतरतात, तेथे ऱ्हायनोस्पोरिडिओसिस नावाचा संसर्ग आढळतो. नाकात स्ट्रॉबेरीसारखा लालसर, वर पांढरे ठिपके असलेला मऊ कोंब वाढतो आणि जरा धक्का लागला तरी रक्त येते. त्याचे पहिले वर्णन १९०० मध्ये सीबर यांनी अर्जेंटिनात केले. त्यावर गोळ्यांनी भागत नाही. कोंब काढून त्याचे मूळ जाळावे लागते, आणि तरीही तो परत येऊ शकतो. तुम्ही यवतमाळकडचे आहात, पण मामाच्या गावी तलावात पोहण्याची सवय असेल तर डॉक्टरांना तसे सांगा.

रक्तदाबाचा आणि घोळण्याचा थेट संबंध लोक मानतात तितका पक्का नाही. दाब वाढल्यामुळेच रक्त आले असे दर वेळी म्हणता येत नाही, पण वाढलेल्या दाबात आलेले रक्त थांबायला वेळ लागतो एवढे नक्की. चोविसाव्या वर्षी रक्तदाब कोण मोजतो, असे वाटेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो फुकट मोजतात. पाच मिनिटे शांत बसून, चहा, खर्रा किंवा व्यायाम यांनंतर किमान अर्धा तास गेल्यावर, वेगवेगळ्या दिवशी मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर तो उतरेपर्यंत जास्तीत जास्त वजनाचे प्रयत्न बंद ठेवावे लागतील. घरात आणखी कोणाला नेहमी घोळणा फुटत असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल किंवा कारण नसताना अंगावर निळे डाग उठत असतील तर रक्त गोठण्याच्या तपासण्याही करून घ्याव्यात.

या दोन आठवड्यांत नाकाची निगा अशी ठेवा. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब स्वस्तात मिळतात. ते दिवसातून तीन-चार वेळा दोन्ही नाकपुड्यांत घालावेत. घरी करायचे तर पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर पाणी आधी उकळून निववावे आणि त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवावे. हे पाणी त्याच दिवशी वापरून उरलेले टाकून द्यावे. विहिरीचे किंवा नळाचे न उकळलेले पाणी नाकात ओढू नये. सकाळ-संध्याकाळ करंगळीच्या टोकावर मुगाएवढे व्हॅसलीन घेऊन नाकपुडीच्या आतल्या कडेला लावावे आणि बाहेरून नाक हलके चोळावे, म्हणजे ते पडद्यापर्यंत पसरते. साजूक तूप थेंबथेंब नाकात सोडण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. कडेला बोटाने लावण्यास माझी हरकत नाही, पण आडवे पडून रोज आत ओतलेले तूप किंवा तेल श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला इजा करू शकते. रात्री कूलरचा झोत सरळ तोंडावर घेऊ नका. नखे कापलेली ठेवा. शिंक आली तर नाक दाबून ती अडवू नका, तोंड उघडून येऊ द्या.

तपासणीत उघडी शीर दिसली तर डॉक्टर त्या जागी सिल्व्हर नायट्रेटची कांडी लावून ती बंद करतात. काही मिनिटांचे काम असते आणि जागा आधी बधिर करतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकाच वेळी ही कांडी लावू नये, कारण मधल्या कूर्चेचा रक्तपुरवठा तुटून पडद्याला भोक पडू शकते. कोणी ‘दोन्हीकडचे एकदाच उरकून टाकू’ म्हणाले तर थांबायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. कान-नाक-घसा विभाग यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेवाग्रामच्या रुग्णालयात आहे. कांडी लावल्यावर एक ते दोन आठवडे जोराचा व्यायाम करू नये.

परत सुरुवात करताना वजनापेक्षा श्वासावर लक्ष द्यावे लागेल. ‘श्वास कोंडूच नका’ असा सरसकट सल्ला मी देत नाही. आपल्या कमाल ताकदीच्या सुमारे ८० टक्क्यांच्या पुढे क्षणभर श्वास कोंडला जाणे टळत नाही, आणि कण्याला आधार मिळण्यासाठी पोटातील तो दाब उपयोगीही असतो. टाळायचे ते अनावश्यक कोंडणे. बारला हात घालण्यापूर्वी पोटापर्यंत श्वास घ्या, पण छाती ठासून भरू नका. बार गुडघ्याच्या वर गेला, अवघड टप्पा संपला, की ओठ आवळून हळूहळू श्वास सोडा. बार जमिनीवर टेकला की पूर्ण थांबा आणि पुढच्या रेपसाठी, म्हणजे पुढच्या उचलीसाठी, नवा श्वास घ्या. एकाच श्वासात तीन-चार रेप ओढण्याची जी सवय आपल्याकडच्या जिममध्ये दिसते, ती नाकासाठी सर्वांत महाग पडते. दात-ओठ खाऊन, मान मागे टाकून, चेहरा जांभळा करून उचलल्याने वजन हलके होत नाही. बेल्ट असेल तर तो पोट फुगवायला जागा राहील इतपतच आवळा. सेट संपताच खाली वाकून प्लेटा काढू नका. मिनिटभर उभे राहा. डोके खाली येणारी उतरती बेंच महिनाभर बाजूला ठेवा. व्यायामाची वेळ पहाटेची करा, आणि जिमच्या मालकांना सांगून शेडच्या दारांना ओली पोती किंवा वाळ्याचे पडदे लावता आले तर हवेतला कोरडेपणा बराच कमी होतो.

वजनाचा क्रम सांगायचा तर १३० किलो ही तुमची सध्याची हद्द धरून पहिल्या आठवड्यात ७५ ते ८० किलोच्या पुढे जाऊ नका आणि प्रत्येक रेपला श्वास सोडण्याचा सराव करा. दुसऱ्या आठवड्यात ९० ते ९५, तिसऱ्यात १०० ते ११०, आणि प्रत्येक सेट आणखी दोन रेप सहज झाल्या असत्या अशा ठिकाणी थांबवा. या तीन आठवड्यांत एकदाही रक्त आले नाही तरच १३० कडे वळा, तेही आठवड्यातून एकाच दिवशी. रक्त आले तर त्या दिवसाचा व्यायाम तेथेच संपवा, थांबल्यावर ‘राहिलेला एक सेट’ करू नका, आणि पुढचे दोन दिवस चालण्याव्यतिरिक्त काही करू नका. ते दोन दिवस फार गरम चहा आणि दारूही टाळा. नाकाची निगा राखूनही, कांडी लावूनही त्याच बाजूने पुन्हा रक्त आले, तर पुढचा भाग पाहून समाधान मानू नये; दुर्बिणीने नाकाचा मागचा भाग तपासून घ्यावा, आणि ती तपासणी होईपर्यंत बारवर ८० किलोपेक्षा जास्त चढवू नये.